एआय (कृत्रिम रेतन) करूनही अंडी फळत नाहीत, नेमकं कुठं शोधायचं?

नेवासकर_शेड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कडकनाथचं पॅरेंट आहे, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणारा कळप, केजमध्ये, तीनशेच्या आसपास माद्या आणि वीसेक नर, नर वेगळ्या पिंजऱ्यात एकेकटे. नैसर्गिक क्रॉसिंग नाही, सगळं एआयवर. अंडी चांगली चालू आहेत, त्याची तक्रार नाही, पण मशिनला लावली की कँडलिंगला, म्हणजे उजेडावर धरून बघताना, शंभरातली पस्तीस-चाळीस क्लिअर निघतात, आत गर्भ दिसतच नाही. पिल्लांची बुकिंग घेतलेली आहे आणि लोकांना तारीख पुढं पुढं सांगायला लागतीय.

पद्धत सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सकाळी आठला पोरं येतात, सगळ्या नरांचं सिमेन (वीर्य) एका वाटीत काढतात, त्यात सलाईन टाकतो आणि मग लाईनीनं एकेक मादी, दहा-साडेदहापर्यंत संपतं. डोस ०.१ मिली, आठवड्यातून एकदा. खाद्य नर-मादी सगळ्यांना एकच, लेअर ब्रीडर, म्हणजे अंड्यावरच्या माद्यांचं. लिव्हर टॉनिक आणि ई-सेलेनियम पाण्यातून चालू आहे, फरक शून्य. कोणतं औषध द्यावं? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

गावरान_वाई

दादा, आमच्याकडं नरांना मोड आलेला गहू नि हरभरा देतात, मूठभर, संध्याकाळी. जुनी माणसं द्यायची, आम्ही पण देतो, नर तरतरीत राहतो. औषधाचं मला माहीत नाही. पण वीस नर तीनशे माद्यांना पुरतात का? आमचे मोकळे असतात, दहा माद्यांमागं एक नर ठेवतो.

उबवणीघर_दापोली

भाऊ, औषध विचारायच्या आधी एक काम करा, क्लिअर अंडी फेकू नका, फोडा. मी लोकांची अंडी उबवून देते आणि दर हंगामात हाच वाद होतो, शेतकरी म्हणतो तुमचं मशिन खराब, आणि अंडं फोडल्यावर कळतं की ते मुळात फळलंच नव्हतं. कधी उलटं पण असतं बरं का. कँडलरवर जे क्लिअर दिसतं त्यातली काही फळलेली असतात, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलेली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, त्यात कडकनाथचं कवच जरा रंगीत, त्यामुळे आठव्या-नवव्या दिवसापर्यंत नीट कळतही नाही.

फोडून बशीत घ्या आणि बलकावरचा पांढरा ठिपका बघा. न फळलेल्या अंड्यात तो ठिपका लहान, घट्ट पांढरा, कडा वेड्यावाकड्या, दोनतीन मिलीमीटरचा. फळलेल्यात मोठा असतो, गोल, मधे फिकट आणि कडेनं पांढरी रिंग. मशिनमध्ये जाऊन लवकर मेलेलं असेल तर तो डाग पसरून पार नाण्याएवढा सायीसारखा दिसतो किंवा रक्ताची बारीक रिंग असते. सवय नसेल तर आधी बाजारातली लेअरची चारसहा अंडी फोडून बघा, ती नराशिवायची असतात, म्हणजे न फळलेला ठिपका कसा असतो ते डोळ्यात बसेल.

रक्ताची रिंग जास्त निघाली तर नराच्या मागं लागू नका, अंडी किती दिवस साठवली आणि कुठं ठेवली ते बघा. १५ ते १८ डिग्रीच्या खोलीत आठवडाभर ठीक, त्यापुढं रोज थोडा थोडा हॅच, म्हणजे पिल्लं निघायचं प्रमाण, घसरतो. आणि जंतू मारायला फॉर्मॅलिनचा धूर देत असाल तर मशिनमध्ये अंडी घातल्यापासून २४ ते ९६ तासांच्या मधे अजिबात देऊ नका, त्या वेळी गर्भ फार नाजूक असतो.

पशुवैद्य_परभणी

ताईंनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. फोडून आकडा काढा, त्याशिवाय पुढचं सगळं अंधारात आहे. तरी तुमची पद्धत वाचून मला जे दिसतं ते लिहितो, लांब होईल पण वाचा, कारण मला वाटतं तुमचं उत्तर बाटलीत नाहीये, घड्याळात आहे.

पहिली गोष्ट, सकाळी आठ ते दहा. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले २० च्या आसपास तास ते कवच चढायच्या पिशवीत बसलेलं असतं. बहुतेक माद्या लाईट लागल्यापासून पहिल्या पाचसहा तासांत, म्हणजे सकाळीच अंडं घालतात. तुम्ही आठला मादी धरता तेव्हा तिच्या पिशवीत टणक अंडं दाराशी येऊन थांबलेलं असतं. तेव्हा सोडलेलं सिमेन वर चढायला वाट नाही, आणि तासादोनतासात ती अंडं घालते तेव्हा बरंचसं त्याच्याबरोबर बाहेर पडतं. अंडं घालायच्या आधीचे तीन तास आणि नंतरचे दोनतीन तास, दोन्ही एआयला वाईट. म्हणून जगभर एआय दुपारी ३ नंतर करतात, बहुतेक अंडी घालून झाल्यावर. धरलेल्या मादीच्या पोटाला हात लावून टणक अंडं लागलं तर तिला त्या दिवशी सोडून द्या, पिंजऱ्याला खडूची खूण करा, दुसऱ्या दिवशी घ्या. नुसती वेळ बदलून किती फरक पडतो हे मी बऱ्याच शेडमध्ये पाहिलंय आणि त्याला एक रुपया लागत नाही, म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय.

दुसरं, ती वाटी. सिमेन काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत मादीत गेलं पाहिजे, फार तर पाऊण तास. कोंबड्याचं सिमेन घट्ट असतं, एका मिलीत ३ ते ७ अब्ज शुक्राणू, बाहेर आल्यावर ते एकमेकांचा ऑक्सिजन आणि साखर संपवतात. तुम्ही वीस नरांचं एकदम काढता आणि दहा-साडेदहापर्यंत तेच वापरता, म्हणजे शेवटच्या शंभर माद्यांना तुम्ही जवळजवळ मेलेलं सिमेन देताय. पाचसहा नर काढा, तेवढ्या माद्या उरका, मग पुढचे पाचसहा. माझा अंदाज असा की फोडलेल्या अंड्यांवर पिंजरा नंबर लिहिलेला असेल तर न फळलेली अंडी लाईनीच्या शेवटाला जास्त दिसतील. बघाच.

तिसरं, सलाईन किती टाकता ते लिहिलं नाहीत. कडकनाथचा नर एका वेळी पाव मिलीच्या आसपास देतो, ब्रॉयलर पॅरेंटसारखा अर्धा-पाऊण मिली नाही. एका मादीला कमीत कमी १० कोटी शुक्राणू पोचले पाहिजेत, वय झालेल्या मादीला १५ ते २० कोटी. न पातळ केलेलं असेल तर ०.०५ मिलीत हे बसतं, एकास एक सलाईन घातलं तर ०.१ मिली. एकास दोनच्या पुढं जाऊ नका. वीस नरांचं पाच मिली धरा, एकास दोननं पंधरा मिली, म्हणजे एका वेळी दीडशे माद्या, तीनशे नाही. तीनशेला पुरवायला त्यात पाणी वाढवत गेलं की वाटी भरलेली दिसते, पण आत शुक्राणू नसतात. अर्ध्या माद्या सोमवारी, अर्ध्या गुरुवारी करा. नराला आठवड्यात दोनतीनदा काढलं तर चालतं, रोज नाही.

सलाईन ०.९ टक्क्याचं ताजं, फोडलेली बाटली आठवडाभर वापरू नका. आणि थंड फ्रिजमधलं एकदम ओतू नका, दोन्ही एकाच तापमानाला असू द्या. वाटी धुतल्यावर आत पाण्याचा थेंब राहिला तरी साध्या पाण्यानं शुक्राणू फुगून मरतात, साबण-जंतुनाशकाचा अंश तर त्याहून वाईट. कोरडी, कोमट, उन्हापासून झाकलेली वाटी.

पशुवैद्य_परभणी

मागच्या पोस्टमध्ये मादीला सिमेन कसं सोडायचं ते राहिलं, आणि खरं तर तिथंच सगळ्यात जास्त वाया जातं.

दोन माणसं लागतात. एक मादी धरून पोटाच्या डाव्या बाजूला हलका दाब देतो, की अंडनळीचं तोंड उलटून बाहेर येतं, गुलाबी, फुलासारखं, आपल्याकडून बघताना डावीकडं. उजवीकडचं छिद्र विष्ठेचं, त्यात गेलं तर संपलं. दुसरा माणूस सुई नसलेली १ मिलीची सिरिंज किंवा स्ट्रॉ दोन ते तीन सेंटिमीटर आत घालतो, फार खोल नाही, आणि नेमकं सोडायच्या क्षणी पहिल्यानं दाब सोडायचा. हे एकत्र जमलं पाहिजे. दाब तसाच ठेवून सिमेन सोडलं की नळी आत जाताना ते बाहेर ओघळतं, पोरांना वाटतं काम झालं. दाब सोडल्यावर सिरिंज हळू काढा, मादी हळू पिंजऱ्यात ठेवा, फेकू नका. घाबरलेली, फडफडणारी मादी सिमेन परत बाहेर टाकते. ज्या मादीची नळी बाहेरच येत नाही ती बहुधा अंड्यावर नाही, तिच्यावर जोर करू नका, आतून इजा होते आणि ती मादी कायमची जाते. हात मऊ असलेला एक माणूस नेमून द्या, रोज नवीन पोरगा नको.

आत गेल्यावर काय होतं हे माहीत असलं की घाई आपोआप कमी होते. योनी आणि कवचाची पिशवी जिथं जुळतात तिथं अगदी बारीक नळ्या आहेत, चांगले पोहणारे शुक्राणू तेवढे तिथं पोचतात आणि मुक्कामाला राहतात, कोंबडीत दोन-तीन आठवडे. तिथून रोज थोडे थोडे वर जातात. बलक अंडाशयातून सुटला की साधारण पंधरा मिनिटांत त्याला शुक्राणू भेटावे लागतात, नंतर त्यावर पांढऱ्याचा थर चढतो. साठा तीन आठवडे टिकत असला तरी सातव्या दिवसानंतर तो पातळ होत जातो, म्हणून पाच ते सात दिवसांनी परत. तुम्ही आठवड्याला करता ते काठावर आहे, ४५-५० आठवड्यांच्या पुढच्या माद्यांना पाच दिवसांवर आणा. नवीन लॉट सुरू करताना लागोपाठ दोन दिवस एआय करा आणि अंडी दुसऱ्या एआयच्या दुसऱ्या दिवसानंतर मशिनसाठी उचला.

याचीच दुसरी बाजू, नर बदलला आणि शुद्ध कडकनाथच पाहिजे असेल तर आधीच्या नराचा साठा संपायला तीन आठवडे द्या.

वऱ्हाडचा_कास्तकार

डॉक्टर साहेबानं बरोबर सांगितलं, फक्त एक गोष्ट राहिली भाऊ, ऊन. तुमचं नेवासं बी काही कमी तापत नाही. आमच्या इकडं एप्रिल-मेमंदी पारा ४५ च्या वर जाते, तवा कोंबडा दिवसभर चोच उघडून धापा टाकते, खाणं सोडते, आणि सिमेन काढाले गेलं तर पातळ पाणी येते. तवा दुपारी ३ ले एआय कराचं म्हणजे अजूनच मरण, आम्ही साडेपाच-सहाले करतो, टिनावर गवत टाकतो, फॉगर चालवतो, पाण्याची टाकी सावलीत. नराचं खाणं पहाटे लाइट लावून गार वेळेत. आणखी एक, ऊन कमी झालं म्हणून लगेच सिमेन सुधरत नाही, पंधरा-वीस दिवस जातेतच.

पशुवैद्य_परभणी

कास्तकार भाऊ, अगदी खरं. शुक्राणू तयार व्हायला कोंबड्यात दोन आठवडे लागतात, त्यामुळे आजच्या उन्हाचा, तापाचा किंवा खाद्य बदलाचा परिणाम वाटीत दोनतीन आठवड्यांनी दिसतो. म्हणून टॉनिक दिल्यावर चौथ्या दिवशी फरक पडला असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात उशिरा करायला हरकत नाही, फक्त लाईटचे तास बदलले की अंडं घालायची वेळही सरकते, हे लक्षात ठेवून दोन दिवस शेडमध्ये उभं राहून बघा शेवटचं अंडं कधी पडतं.

डोंगरी_फार्म

एक प्रश्न. गाईला जशी उरुळीकांचनच्या बाएफची सिमेनची कांडी मिळते, नायट्रोजनच्या टाकीतली, तशी कोंबड्याची का मिळत नाही? मिळाली तर चांगल्या कडकनाथ नराचं सिमेन त्याच्या मूळ गावाकडून, मध्य प्रदेशातल्या झाबुआवरून मागवता येईल, सगळा घोळच मिटेल.

पशुवैद्य_परभणी

प्रश्न फार चांगला आहे. गंमत बघा, ग्लिसरॉल घालून शुक्राणू गोठवता येतात हा शोध १९४९ साली इंग्लंडमध्ये लागला तो कोंबड्याच्याच सिमेनवर. फायदा मात्र गाई-म्हशींना झाला. कारण तेच ग्लिसरॉल कोंबडीच्या अंडनळीत गेलं की अंडं फळू देत नाही, म्हणजे वितळवल्यावर ते आधी काढून टाकावं लागतं, त्यात वेळ जातो आणि बरेच शुक्राणू मरतात. कोंबड्याचा शुक्राणू लांब दोऱ्यासारखा, त्यात पेशीद्रव फार थोडं, गोठणं त्याला मानवत नाही. संशोधन संस्थांत जाती जपायला गोठवलेलं सिमेन वापरतात, शेतकऱ्यासाठी आज ताजंच. नर आणायचा तर नरच आणा, आणि भाऊबहीण एकमेकांवर फिरवू नका. छोट्या कळपात तीनचार पिढ्या तेच रक्त फिरलं की फलन आणि हॅच दोन्ही खाली येतात, कडकनाथच्या बऱ्याच कळपांत मला हेच दुखणं वाटतं.

मिनेसोटाहून

मी मूळचा कोल्हापूरचा, इथं पोल्ट्री न्यूट्रिशनमध्ये काम करतो. इथली टर्की सगळी एआयवरच चालते, छाती इतकी मोठी केलीय की नराला नैसर्गिक क्रॉसिंग जमतच नाही. टर्कीच्या मादीत सिमेन आठ-दहा आठवडेसुद्धा साठून राहतं, तरी लोक आठवड्याला एआय करतात, यावरून काय ते समजा.

मला खाद्याबद्दल लिहायचंय. नेवासकर, नरांना लेअर ब्रीडर खाद्य देणं थांबवा. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, ते कवच बनवणाऱ्या मादीसाठी. नराला एक टक्का भरपूर झाला, जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर जातं. प्रोटीन पण १२ ते १४ टक्के पुरतं, जास्त दिलं की नर नुसता वजनानं वाढतो. नर वेगळ्या पिंजऱ्यात आहेतच, तर फक्त त्यांचं खाद्य वेगळं करून घ्या. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम शुक्राणूच्या बाहेरच्या पडद्याला जपतात हे खरं आहे, पण खाद्यात आधीच पुरेसं असेल तर वरून ओतून काही वाढत नाही. आणि सेलेनियमचा जास्तीचा डोस विषारी असतो, मादीत जास्त झालं तर गर्भ वाकडेतिकडे होतात. त्यापेक्षा प्रीमिक्सची, म्हणजे खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्व-क्षारांच्या पुडीची, तारीख बघा, उन्हात पडलेल्या जुन्या प्रीमिक्समधलं ई जीवनसत्त्व उडून गेलेलं असतं. तांदळाचा कोंडा खवट झाला असेल तर तोच ई जीवनसत्त्व खाऊन टाकतो. मका बुरशीचा असेल तर सगळ्यात आधी तो बदला.

वाईच्या दादांचा मोड आलेला गहू चांगलाच आहे, त्यात ई जीवनसत्त्व असतं, मूठभर द्या, पण खाद्याऐवजी नाही.

उबवणीघर_दापोली

नर काढतानाचं पण कोणीतरी लिहा ना. माझ्याकडं अंडी देणाऱ्या एका शेडवर मी बघितलं, सिमेन पिवळट-हिरवट होतं आणि तरी तेच भरत होते.

पशुवैद्य_परभणी

ताई, आठवण केलीत बरं झालं. चांगलं सिमेन सायीसारखं पांढरं, घट्ट. पिवळट किंवा चुन्यासारखे कण म्हणजे लघवीचे क्षार आलेत, हिरवट-तपकिरी म्हणजे विष्ठा, लालसर म्हणजे रक्त, कुठंतरी इजा. तसलं वाटीत एक जरी पडलं तर सगळी वाटी बिघडते, म्हणून प्रत्येक नराचं आधी वेगळ्या छोट्या नळीत घ्या, बघा, मग एकत्र करा. काढायच्या आधी चारसहा तास खाद्य बंद, पाणी चालू. व्हेंटभोवतीची (मागच्या द्वाराभोवतीची) पिसं कापलेली. पाठीवरून शेपटीकडं हात नेत मालिश केली की शिकलेला नर आपण होऊन शेपटी उचलतो, मग दोन बोटांनी एकदाच हलकं दाबायचं. ही पद्धत बरोज आणि क्विन यांनी १९३७ मध्ये छापली आणि आजही तीच आहे. पुन्हा पुन्हा पिळलं की पारदर्शक पाणी आणि क्षार येतात, त्यानं शुक्राणू लवकर मरतात. तरुण नराला आठ-दहा दिवस दिवसाआड नुसती सवय लावा, ते सिमेन वापरू नका. काढणारा हात एकच असू द्या, नर माणूस ओळखतो.

आणि प्रत्येक मादीला वेगळी स्ट्रॉ किंवा टिप. एकच सिरिंज तीनशे माद्यांत फिरली तर मायकोप्लाझ्मा आणि साल्मोनेला हे रोगजंतू तुम्ही स्वतःच्या हातानं वाटताय. त्यातून नळीला सूज आली की मग शुक्राणू कितीही चांगला असो, तिथं राहत नाही.

नेवासकर_शेड

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे या लॉटची क्लिअर अंडी पिंजरा नंबर लिहून फोडली. रक्ताच्या रिंगा थोड्या आहेत, बाकी बहुतेक लहान घट्ट ठिपक्याची, म्हणजे फळलेलीच नाहीत. आणि डॉक्टर म्हणाले तसंच, पहिल्या लाईनीत क्लिअर कमी, शेवटच्या दोन लाईनीत ढीगभर. एआय आता साडेचारला केलंय, माद्या दोन भागांत, पाचपाच नरांची वाटी. नरांचं खाद्य वेगळं दळून आणतोय. टॉनिक बंद केलं.

एक अडचण, नरांमध्ये दोघं-तिघं नेहमी अगदी थोडं देतात, पाण्यासारखं. त्यांना ठेवू का काढू? दिसायला मात्र एकदम राजबिंडे आहेत, तुरा, काळा रंग, सगळं.

पशुवैद्य_परभणी

वजन करा आणि पाय बघा आधी. पायाला गाठ, तळव्याला फोड, उवा-गोचीड असेल तर ते बरं करून तीन आठवडे थांबा. तेवढं करूनही पातळच आलं तर काढा, दिसण्यावर जाऊ नका. जवळ कोणाकडं सूक्ष्मदर्शक असेल, पशुवैद्यकीय कॉलेज किंवा कृषी विज्ञान केंद्रात मिळतो, तर प्रत्येक नराचा एक थेंब काचेवर घेऊन बघा, चांगल्या सिमेनमध्ये ढगासारख्या लाटा फिरताना दिसतात. लाटा नाहीत, नुसती सुटी सुटी हालचाल, तो नर वाटीत नको. नरांना पण नंबर द्या आणि वहीत प्रत्येकाचं प्रमाण, रंग लिहा. सगळं एकत्र वाटीत गेलं की वाईट नर चांगल्याच्या मागं लपतो, वर्षानुवर्षं कळत नाही. राखीव म्हणून चारपाच तरुण नर २४-२६ आठवड्यांचे तयार ठेवा.

गावरान_वाई

डॉक्टर, आमच्या मोकळ्या कळपात एक रोज कोंबचा, म्हणजे चपट्या मणीदार तुऱ्याचा नर आहे, देखणा म्हणून ठेवलाय. त्याच्या माद्यांची अंडी कमी फळतात असं वाटतं. तुऱ्याचा काही संबंध असतो का?

पशुवैद्य_परभणी

असतो. आई आणि बाप दोघांकडून रोज कोंबचं जनुक आलेला नर फलनात कमी पडतो, हे खूप जुन्या काळापासून माहीत आहे, त्याचे शुक्राणू हालचालीत कमी पडतात आणि मादीत टिकत नाहीत. एकाच बाजूनं आलं असेल तर अडचण नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून साध्या तुऱ्याच्या माद्यांवर सोडून पिल्लं बघा. काही पिल्लं साध्या तुऱ्याची निघाली तर त्याच्यात एकच जनुक आहे, मग कारण दुसरीकडं शोधा. सगळीच चपट्या तुऱ्याची निघाली तर दुसरा नर बघा.

उबवणीघर_दापोली

नेवासकर भाऊ, पुढच्या लॉटचे आकडे इथंच टाका. आणि अंड्यांवर एआयची तारीख पेन्सिलनं लिहा, पेननं नको. म्हणजे एआयनंतर कितव्या दिवसाचं अंडं क्लिअर निघालं ते पण कळेल, सहाव्या-सातव्या दिवशी घसरण दिसली तर तुमचं अंतर पाच दिवसांवर आणायचं.

नेवासकर_शेड

टाकतो ताई. साडेचारचा पहिला लॉट शुक्रवारी मशिनला लागतोय, नवव्या दिवशी फोडून लिहितो.